तिळारी ते म्हादई : रानातल्या जनावरांची नोंद घेण्याआधी

गोव्यातल्या राखीव रानांची यादी एका दमात वाचून होते. म्हादई, भगवान महावीर, त्याला लागून मोले राष्ट्रीय उद्यान, बोंडला, नेत्रावळी, खोतीगाव आणि चोडण बेटावरचे सलीम अली पक्षी अभयारण्य. या सात नावांत पेडणे तालुक्यातली गुंठाभरही जमीन नाही आणि डिचोलीतलीही नाही. गोव्यातल्या वन्यप्राण्यांचे जे अधिकृत आकडे छापले जातात ते बहुतेक या सात हद्दींच्या आतले असतात. उत्तरेच्या या दोन तालुक्यांत कोणती जनावरे आहेत, कोणत्या वाटेने ये-जा करतात, कोणत्या महिन्यात कुठे पाणी पितात, हे गुराख्याला ठाऊक असते, काजूबाग राखणाऱ्याला ठाऊक असते, आणि कागदावर ते क्वचितच उतरते.

जनावरे मात्र दोन्हीकडे आहेत. डिचोलीच्या डोंगराकडच्या वाड्यांवर गव्यांचे कळप येतात. बिबट्या पेडण्यात कुत्री उचलतो. साळिंदराने उकरलेले कंदांचे वाफे, कांडेचोराने काजूच्या बोंडांवर मारलेला ताव, केलड्यांनी उजाड केलेली केळ, रानडुकरांनी नांगरल्यासारखे केलेले शेत, यांबद्दल कोणत्याही गावात विचारा, बसायला पाट मिळतो आणि संध्याकाळपर्यंत गोष्टी संपत नाहीत. या गोष्टींना तारीख, जागा आणि खूण यांची जोड कशी द्यावी, हे सांगणे एवढाच या पुस्तिकेचा हेतू आहे. ती शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठी व मुलांसाठी आहे, पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांसाठी आहे, आणि ज्यांच्या बागेतून ही जनावरे जातात त्या माणसांसाठी सर्वांत आधी आहे.

आधी भूगोल. पेडणे दोन नद्यांच्या मधे वसले आहे. उत्तरेला तेरेखोल, दक्षिणेला शापोरा. शापोरा ही वरच्या अंगाला तिळारी म्हणून ओळखली जाते आणि महाराष्ट्रातल्या दोडामार्ग तालुक्यातून खाली येते. डिचोलीच्या उत्तरेला दोडामार्ग, पूर्वेला सत्तरी. सत्तरीत वर चढत गेलो की वाघेरीचा डोंगर, चोर्ला घाट, सुर्ल, आणि पलीकडे कर्नाटकातले खानापूरचे रान व भीमगड अभयारण्य. म्हणजे डिचोलीच्या एखाद्या टेकडीवर उभे राहिले तर तीन राज्यांचे जंगल एका नजरेच्या पट्ट्यात येते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डिचोली, सत्तरी आणि पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले, आणि तेव्हापासून या रानावरून राज्याची सीमा गेली. गव्याला ती कळण्याचे कारण नाही. पण मोजणारी माणसे सीमेपाशी थांबतात, कारण प्रत्येक वनखाते आपापल्या हद्दीत मोजते, आणि हद्दीवरचे जनावर एक तर दोनदा मोजले जाते किंवा एकदाही नाही.

म्हादई अभयारण्याचा जन्मही लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९९९ मध्ये गोव्यात राष्ट्रपती राजवट असताना तेव्हाचे राज्यपाल लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब यांनी म्हादई आणि नेत्रावळी ही दोन अभयारण्ये जाहीर केली. म्हादईचे क्षेत्र सुमारे २०८ चौरस किलोमीटर, नेत्रावळीचे सुमारे २११. या दोन अधिसूचनांमुळे घाटमाथ्याचा गोव्यातला जवळजवळ सगळा कणा संरक्षित रानांनी जोडला गेला. उत्तरेकडे महाराष्ट्राने २०२० मध्ये तिळारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे. नकाशावर तिळारी आणि म्हादई यांच्यामधून आणि त्यांच्या पश्चिमेला जो उतार समुद्राकडे जातो, तोच डिचोली आणि पेडणे. वरच्या रानातून निघालेले जनावर खाली उतरते ते इथेच.

सस्तन प्राण्यांची पद्धतशीर पाहणी आपल्या देशात नवी नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ च्या सुमारास भारतातल्या सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण सुरू केले आणि ते १९२३ पर्यंत चालले. त्याच्या मागे आर. सी. रॉटन नावाचे निवृत्त वनाधिकारी होते. नोकरीचा काळ त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनखात्यात काढला होता. संग्राहक गावोगाव तळ ठोकत, उंदीर-घुशींपासून वटवाघळांपर्यंत नमुने गोळा करत, आणि ते मुंबईला व लंडनला अभ्यासासाठी जात. आज आपण ज्या रीतीने पाहणी करतो तिच्यात प्राणी मारला जात नाही, आणि तसेच असले पाहिजे. पण त्या जुन्या पाहणीतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यांनी वाघ-बिबळ्यांच्या मागे लागून लहान प्राण्यांकडे पाठ फिरवली नाही. आजच्या आपल्या पाहण्यांत चिचुंदरी, उंदीर आणि वटवाघूळ हे जणू सस्तन प्राणीच नव्हेत, अशी परिस्थिती असते. वास्तविक कोणत्याही रानातल्या सस्तनांच्या जातींची यादी केली तर तिचा मोठा भाग याच मंडळींचा निघतो.

याच पाहणीच्या काळातली एक हकीगत आपल्या अगदी उंबरठ्यावरची आहे. खानापूर तालुक्यात, तळेवाडीजवळ, बारापेडे नावाची गुहा आहे. म्हादईचे उगमाकडचे खोरे ते हेच. या गुहेत मोठ्या कानांचे एक वटवाघूळ सापडले. प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि रॉटन यांच्या नावावरून त्याचे नाव ठेवले. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे ही जात जगात फक्त त्या एका गुहेत आहे असे मानले जात होते. मग एकविसाव्या शतकाच्या तोंडाशी ती कंबोडियात आढळली आणि मेघालयातही. ही वटवाघळे नव्वद वर्षे तिथे नव्हती असे नाही. तिथे कुणी नीट पाहिले नव्हते. या पुस्तिकेतली प्रत्येक सूचना मला शेवटी याच हकीगतीकडे नेऊन पोचवते. ‘नाही’ हा शब्द लिहिण्याआधी आपण किती पाहिले, केव्हा पाहिले आणि कसे पाहिले हे लिहिले नसेल, तर तो शब्द लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही.

वाघाच्या बाबतीत हा धडा देशाने फार महाग किमतीला घेतला. १९६० च्या दशकापासून वाघ मोजले जात ते पंजाच्या ठशांवरून. काच ठेवून ठसा उतरवायचा आणि अनुभवी डोळ्याने एकेका वाघाचा ठसा वेगळा काढायचा. २००५ च्या सुरुवातीला राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले, आणि तिथली कागदावरची गणती मात्र त्याआधीपर्यंत वाघ दाखवत होती. त्यानंतर रीत बदलली. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंत यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत १९९० च्या दशकात दाखवून दिले होते की वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे निराळे असतात आणि आपोआप छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यांच्या जोडीने संख्येचा अंदाज बांधता येतो. २००६ पासून दर चार वर्षांनी होणारी देशव्यापी व्याघ्रगणना याच पायावर उभी आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या आसपासच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बसवतात, कारण डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे सारखे नसतात.

२०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे जमा झाली. त्यांपैकी वाघांची होती ७६,६५१, बिबट्यांची ५१,७७७. उरलेल्या कोट्यवधी चित्रांत सांबर, भेकर, गवे, डुकरे, गुरे, कुत्री, माणसे आणि वाऱ्याने हललेले गवत आहे. मला या उरलेल्या चित्रांचे मोल फार वाटते. वाघासाठी लावलेल्या कॅमेऱ्यासमोरून पिसोरी गेली, खवले मांजर गेले, तर ती नोंदही तितकीच खरी असते. ती कुणी वेगळी काढून, गावाच्या नावासह, मराठीत छापली तर त्या गावाला आपल्या रानाची ओळख होते.

त्या वर्षीच्या अंदाजात गोव्याच्या नावावर ३ वाघ होते. २०२० च्या जानेवारीत सत्तरीतल्या गोळावलीच्या रानात, म्हादई अभयारण्याच्या आत, एक वाघीण आणि तिचे वाढत्या वयाचे तीन बछडे मेलेले सापडले. विष घातलेले होते. पाळीव जनावरे मारली गेल्याचा राग त्यामागे होता. तीनाच्या अंदाजात चार मृत्यू कसे, असा प्रश्न त्या वेळी अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर पद्धतीत आहे. एक वर्षाखालचे बछडे गणनेत धरत नाहीत, आणि सीमेवर दोन राज्यांत फिरणारा वाघ कुठल्या तरी एकाच खात्यावर जातो. पण प्रश्नामागचे दुःख या उत्तराने भागत नाही. २००९ मध्ये सत्तरीतल्याच केरी भागात वाघाची शिकार झाल्याचे प्रकरण पुढे आले होते, आणि ते लावून धरणाऱ्यांत केरीचे पर्यावरण कार्यकर्ते राजेंद्र केरकर होते. गोव्यात वाघ राहतो की नुसता शेजारून येऊन जातो, हा वाद त्याआधीपासून चालला आहे. २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि लगतच्या रानांचा व्याघ्र प्रकल्प तीन महिन्यांत अधिसूचित करावा असा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयात शेवटी काय ठरते ते ठरो. वाघीण बछड्यांसह सापडते तिथे वाघ वस्तीला आहे, हे ठरवायला मला तरी आणखी पुरावा लागत नाही. तो पुरावा चार मृतदेहांच्या रूपाने आपल्या हाती आला, याची खंत या पुस्तिकेमागे आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो.

आपल्या भागात जनावर दिसणे दुर्मीळ आणि खूण दिसणे सोपे. मध्य भारतातल्या मोकळ्या रानात पहाटे सरळ रेषेत दोन किलोमीटर चालत दोन्ही अंगांना दिसलेली जनावरे मोजतात आणि त्यांच्या अंतरावरून दाटी काढतात. आपल्याकडे सदाहरित व निमसदाहरित रानात दहा पावलांपलीकडे पान-वेलींची भिंत असते. म्हणून खुणांवर भर द्यावा लागतो. गव्याचे शेण गाई-म्हशीच्या शेणासारखेच, पण थोराड, आणि खुराचा ठसा इतका भरदार की एकदा पाहिल्यावर चुकत नाही. बिबट्याच्या विष्ठेत केस आणि हाडांचे तुकडे असतात, आणि तो ती पायवाटेच्या मधोमध, मुद्दाम दिसेल अशी टाकतो. कोळसुंदे एकाच जागी सगळे मिळून विष्ठा करतात, बहुधा वाटांच्या फाट्यावर. कांडेचोराची विष्ठा खडकावर किंवा आडव्या ओंडक्यावर, आणि तिच्यात भेरलीमाडाच्या किंवा रानफळांच्या बिया. पाणमांजराची विष्ठा नदीकाठच्या खडकावर, माशांच्या काट्यांनी आणि कुर्ल्यांच्या कवचांनी भरलेली, तिचा वास दुरून येतो. अस्वल वारूळ फोडते, झाडावर नख्यांचे समांतर ओरखडे ठेवते. खवले मांजरही वारुळाकडेच जाते, पण त्याचे बीळ गोल आणि खोल. शेकरूची काटक्या-पानांची घरटी उंच फांद्यांच्या टोकांना असतात आणि एक शेकरू एकाहून अधिक घरटी बांधते, म्हणून घरट्यांची संख्या म्हणजे शेकरांची संख्या असे कधीही लिहू नये. पिसोरीचा खूर माणसाच्या बोटाच्या पेराएवढा. ओल्या मातीखेरीज तो उमटतच नाही.

इथेच पेडणे-डिचोलीची मोठी अडचण आहे. या तालुक्यांचा बराच भाग म्हणजे जांभ्या दगडाचा सडा. सड्यावर ठसा उमटत नाही. हत्ती गेला तरी सड्यावर त्याची खूण राहत नाही. म्हणून सड्याच्या कडेला, जिथे उतार सुरू होतो आणि माती धरते, तिथे पाहावे. व्हाळाच्या काठी पाहावे, कुळागराच्या पाटाजवळ पाहावे, खाणीच्या जुन्या रस्त्यांवर जी लाल भुकटी बसलेली असते तिच्यावर पहाटे, वाहने सुरू होण्याआधी, पाहावे. पावसाळ्यात खुणा धुऊन जातात, पावसानंतर गवत वाढलेले असते. डिसेंबर ते मे हा कामाचा काळ. त्यातही फेब्रुवारीपासून काजूचा हंगाम लागला की रान जणू बागेत उतरते. बोंडांच्या वासाने कांडेचोर, केलडी, साळिंदर, जिथे अस्वल आहे तिथे अस्वलही, सगळे खाली येतात. त्याच दिवसांत माणसेही पहाटेपासून बागेत असतात, बोंडे गोळा करतात, भट्ट्या पेटलेल्या असतात. नोंदी सर्वांत जास्त याच काळात मिळतील आणि माणूस व जनावर यांची अवचित गाठही याच काळात पडेल. काम करणाऱ्या मुलांनी पहाटे एकट्याने बागेत जाऊ नये, ही सूचना या पुस्तिकेत वारंवार आली आहे आणि ती मुद्दाम तशी ठेवली आहे.

विचारण्याचेही शास्त्र आहे. “इथे वाघ आहे का?” असा प्रश्न कधी करू नये. गोव्यात आणि सिंधुदुर्गात बिबट्यालाही वाघच म्हणतात, शिवाय विचारणाऱ्याला काय ऐकायचे आहे हे समोरच्याला लगेच उमगते. “शेवटचे ढोर कधी गेले, कुठे गेले, मानेवर खूण होती की मागच्या बाजूने खाल्ले होते?” असे विचारले की उत्तर बदलते. भाऊ, बाय, आजा म्हणून जवळ बसून, घाई न करता विचारावे. धनगर-गवळ्यांना गुरांमागे फिरून जे कळते ते पुस्तकात नाही, आणि बागेची रात्रीची राखण करणाऱ्या माणसाने ऐकलेले आवाज कॅमेरा पकडत नाही. भेकराचे भुंकणे तो बिनचूक ओळखतो. दाट झाडोऱ्यात बॅटरीच्या उजेडात चमकणारे लाजवंतीचे डोळे त्यानेच पाहिलेले असतात. पण ऐकीव आणि पाहिलेले हे दोन रकाने वेगळे ठेवा. पंचवीस वर्षांपूर्वीची आठवण तिसऱ्या रकान्यात जाईल. तीही हवी, कारण कुठून काय नाहीसे झाले हे फक्त तिच्यातूनच कळते. या भागात देवराया आहेत, वाघाला देव मानून पुजलेली दगडी शिल्पे आहेत. त्यांच्यावरून एके काळी वाघाचा वावर कुठवर होता याचा अदमास येतो. तो आजच्या अस्तित्वाचा पुरावा मानू नये.

आता त्या ‘नाही’बद्दल. समजा एका व्हाळाच्या काठी पाणमांजर खरोखर आहे आणि एका फेरीत त्याची खूण सापडण्याची शक्यता निम्मी आहे. तीन फेऱ्या रिकाम्या गेल्या तरी आठांत एक शक्यता उरते की ते तिथे असूनही आपल्याला दिसले नाही. खवले मांजरासारखा प्राणी घ्या, ज्याची खूण पाच फेऱ्यांत एकदा सापडली तरी नशीब. तिथे पाच रिकाम्या फेऱ्यांनंतरही ते असूनही चुकण्याची शक्यता जवळजवळ एक-तृतीयांश राहते. २००२ मध्ये डॅरिल मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी हे गणित व्यवस्थित मांडले आणि तेव्हापासून जगभरच्या पाहण्यांत एकाच तुकड्यात पुन्हा पुन्हा जाऊन, रिकामी फेरीही नोंदवण्याची शिस्त आली. म्हणून या पुस्तिकेसोबतच्या तक्त्यात सर्वांत महत्त्वाचा रकाना ‘काही दिसले नाही’ हा आहे. कोण गेले, किती वेळ चालले, माती ओली होती की कोरडी, हे लिहून मगच तो रकाना भरावा.

हे मी इतके ताणून सांगतो त्याला कारण पेडण्याचेच आहे. मोपाच्या पठारावर आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला. त्याचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले आणि २०२३ च्या जानेवारीपासून उड्डाणे सुरू झाली. त्याआधी, २९ मार्च २०१९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने या प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी स्थगित केली होती. प्रकल्पाच्या १५ किलोमीटरच्या परिघातली, सीमेपलीकडच्या सिंधुदुर्गातलीसुद्धा, वने आणि संवेदनशील क्षेत्रे अर्जात नीट नमूद केली गेली नव्हती, हा न्यायालयाचा मुख्य आक्षेप होता. मग फेरविचार झाला, जास्तीच्या अटी घातल्या गेल्या, आणि जानेवारी २०२० मध्ये बांधकामाला पुन्हा परवानगी मिळाली. विमानतळ हवा होता की नको, याबद्दल पेडण्यातल्या घराघरांत दोन मते आहेत आणि दोन्ही मते मनापासूनची आहेत. मला एवढेच दिसते की निर्णयाच्या टेबलावर जो कागद होता त्यात हे रान पुरते आले नव्हते, आणि वर्षानुवर्षांची गावोगावची नोंद कुणाच्याही हाती तयार नव्हती. ती असती तर वाद अधिक प्रामाणिक झाला असता. प्रकल्प पुढे आल्यावर घाईने केलेली पाहणी एखाद्या हंगामाची असते. रानाचे वर्ष तिच्यात मावत नाही.

डिचोलीत हाच प्रश्न लोहखनिजाच्या खाणींचा आहे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मधे काही काळ चालू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या, आणि लिलावानंतर २०२४ पासून डिचोलीत पुन्हा खोदकाम सुरू झाले. मधल्या शांत वर्षांत मातीच्या ढिगाऱ्यांवर झुडपे वाढली, खड्ड्यांत बारमाही पाणी साठले. अशा जागा जनावरांना आसरा देतात. त्या वर्षांत तिथे काय वस्तीला आले होते याची पद्धतशीर नोंद झाली असती तर आज ती अमूल्य ठरली असती. ज्या पट्ट्यांवर अजून यंत्रे पोचलेली नाहीत तिथे ती आताही करता येते, आणि या कामात सर्वांत आधी हात घालायचा तो तिथेच, असे माझे मत आहे.

दुसरी जागा तिळारीच्या कालव्यांची. दोडामार्गच्या धरणाचे पाणी कालव्यांनी पेडणे, डिचोली आणि बार्देशात येते. शेतीला आणि पिण्याला ते पाणी लागते. पण सरळ भिंतींचा, खोल, काँक्रीटचा कालवा डोंगर आणि मैदान यांच्यामधून आडवा जातो तेव्हा वरून खाली येणाऱ्या प्रत्येक वाटेला तो छेदतो. कुठून जनावरे ओलांडतात, कुठे पूल किंवा उतार आहे, कुठे आत पडलेले जनावर वर येऊ शकत नाही, हे कालव्याच्या काठाने चालत गेले तर थोड्या दिवसांत नकाशावर मांडता येते. सस्तन प्राण्यांच्या पाहणीतून लगेच उपयोगी पडेल असे काही हवे असेल तर ते हे.

आणि हत्ती. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले, आणि तेव्हापासून सिंधुदुर्गाच्या त्या पट्ट्यातल्या माड-केळी-भातवाल्या माणसाची झोप उडाली. २०१५ मध्ये सिंधुदुर्गात हत्ती पकडण्याची मोहीम झाली. तरी प्रश्न सुटला नाही, पकडलेले हत्तीही नीट जगले नाहीत. २०२५ च्या एप्रिलात दोडामार्ग तालुक्यातल्या मोर्ले गावात हत्तीच्या हल्ल्यात एका शेतकऱ्याचा बळी गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘ओंकार’ नावाने ओळखला जाणारा तरुण हत्ती सीमा ओलांडून पेडण्यात आला आणि मोपा-तांबोसेच्या परिसरात भातशेतीत फिरला. तिथले लोक रात्र-रात्र जागले. घरचे भात डोळ्यांदेखत तुडवले जात असताना त्या माणसाला जैवविविधतेचे महत्त्व सांगायला जाऊ नये. त्याचे नुकसान किती, पंचनामा केव्हा झाला, भरपाई मिळाली का, हेही आपल्या तक्त्यात लिहावे. गोळावलीत विष घातले गेले त्याच्या आधीही कुणाचे तरी ढोर गेले होते. ते ढोर गेले तेव्हाच नोंद घेणारे कुणी असते, तर पुढचे कदाचित टळले असते.

इथे एक भीती उघडपणे मांडतो, कारण ती प्रत्येक गावात समोर येते. जनावरे दिसली असे लिहिले तर उद्या आमची जमीन अभयारण्यात जाईल, बागेत कोयता न्यायला बंदी होईल, असे लोक म्हणतात. ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. सत्तरीतल्या अभयारण्यातल्या गावांचे जमिनीचे हक्क वर्षानुवर्षे लोंबकळत राहिले आहेत, आणि शेजारच्या तालुक्याने ते पाहिले आहे. म्हणूनच नोंद गावाच्या हाती असावी. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीला स्वतःची समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही दिली आहे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या नोंदवहीचा पाठपुरावा अनेक वर्षे केला. पुष्कळ ठिकाणी ती एकदा भरून कपाटात गेली. ती दर हंगामाला उघडली आणि लोकांसमोर वाचली गेली, तर काय लिहिले आहे आणि का, हे कुणापासून लपत नाही.

लपवायचे ते वेगळे आहे. खवले मांजराचे बीळ, बिबट्याची गुहा, वटवाघळांची वसती, पाणमांजराची पिल्ले असलेली जागा, यांचे अचूक ठिकाण कधीही छापू नये आणि मोबाईलवरच्या गटात टाकू नये. खवले मांजराच्या खवल्यांची तस्करी कोकणात आणि गोव्यातही चालते, आणि आपल्या कौतुकाने टाकलेला एक फोटो शिकाऱ्याला वाट दाखवू शकतो. फोटो काढताना मोबाईलचे ठिकाण बंद करावे. नोंदवहीत तालुका आणि गाव पुरेसे आहे, नेमका बिंदू वनखात्याकडे आणि समितीच्या कुलुपात असू द्यावा. रानात तारेचे फास दिसले तर स्वतः काढायला जाऊ नये, फोटो आणि जागा टिपून वनरक्षकाला कळवावे. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्या अडकतो. अडकलेल्या बिबट्याजवळ जमलेली गर्दी तो जिवंत सुटण्याची शक्यता संपवते.

या पुस्तिकेतली प्रकरणे प्राण्यांच्या शास्त्रीय वर्गवारीने लावलेली नाहीत. ती जागांच्या क्रमाने आहेत: सडा, व्हाळ, काजूबाग, कुळागर, जुनी खाण, कालवा, नदीकाठ आणि गुहा. माणूस जिथे उभा आहे तिथून वाचायला सुरुवात करता यावी, म्हणून. प्रत्येक जागेपाशी काय पाहावे, कोणत्या महिन्यात, कोणत्या खुणेची कुठल्या खुणेशी गफलत होते, हे दिले आहे. कुत्र्याचा आणि बिबट्याचा ठसा शेजारी शेजारी दाखवला आहे, कारण आलेल्या नोंदींत सर्वाधिक गोंधळ याच जोडीचा होतो: कुत्र्याच्या ठशात नख्या उमटतात, बिबट्याच्या चालत्या पावलात त्या आत ओढलेल्या असतात आणि मागच्या गादीला तीन पाळ्या दिसतात. ठशाशेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवल्याशिवाय काढलेला फोटो तक्त्यात धरला जाणार नाही.

पहिल्या वर्षी फार पसरू नये, असे सुचवतो. एका पंचायतीने आपल्या हद्दीतला एक व्हाळ, एक सड्याची कड आणि एक बाग निवडावी. डिसेंबरापासून मेअखेरपर्यंत दर पंधरवड्याला तीच माणसे त्याच वाटेने जातील एवढेच पाहावे. हाती काही लागले नाही तरी पान भरावे. जूनचा पहिला पाऊस पडण्याआधी नोंदवही ग्रामसभेत वाचावी, आणि ज्यांनी ती वाट पायाखाली घातली त्यांची नावे त्यांच्या परवानगीने पहिल्या पानावर लिहावीत.